थंडीत खाडीच्या तोंडावर गळ: कोल्हापूरहून निघण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोल्हापूरचेच. पंचगंगा-भोगावतीच्या काठाला रोहू, कटला, चिलापी धरण्यात मुरलेले, पण खाऱ्या पाण्यात कधी गळ टाकलेला नाही. डिसेंबरअखेर दोन दिवस सुट्टी काढून मित्रांबरोबर मालवण नाहीतर रत्नागिरीला जायचं म्हणतात. कुणीतरी त्यांना सांगितलंय की थंडीत समुद्रातला मासा खोल जातो, काठावरून काही लागत नाही. हे खरं का, आणि जायचंच तर कुठं, कधी, काय घेऊन?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे: खरं नाही. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १४-१५ वर येतो, नदीचं पाणी हाताला बोचतं आणि रोहू-कटला चाऱ्याला तोंड लावत नाही. तोच अनुभव डोक्यात ठेवून माणूस घाट उतरतो आणि समुद्रालाही तोच नियम लावतो. पण कोकणच्या समुद्राचं पाणी ऐन जानेवारीतसुद्धा २६-२७ अंशांच्या आसपासच राहतं. अंगात स्वेटर असताना पहाटे पाण्यात पाय घातला की पाणी कोमटच लागतं. बांगड्याचे थवे याच दिवसांत काठाजवळ फिरतात, रापणी, म्हणजे काठावरून ओढायची लांब जाळी, ओढल्या जातात. मासा आहे. तो तुमच्या गळाला का लागत नाही, याचं कारण दुसरं आहे आणि ते एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं आपोआप ठरत जातं.

कारण आहे निवळ पाणी. पावसाळ्यात काजळी, गड, कर्ली या नद्या तांबडी माती घेऊन समुद्रात उतरतात. ऑक्टोबरपर्यंत खाडीच्या तोंडाशी पाणी चहासारखं असतं. अशा गढुळात माशाला नजरेचा फारसा उपयोग नसतो, तो वासावर आणि पाण्याच्या हालचालीवर खातो. जाड तंगूस (नायलॉनचा दोर), मोठा गळ, वर शिशाचा धोंडा, सगळं चालून जातं. नोव्हेंबर उलटला की नद्यांचं पाणी आटत येतं, लाटांचा मार कमी होतो, गाळ तळाला बसतो. डिसेंबरात धक्क्यावर उभं राहून खाली बघितलं तर तळाचा दगड आणि त्यावरचा खेकडा मोजता येतो. तुम्हाला खेकडा दिसतो, म्हणजे माशाला तुमचा दोर दिसतो, तुमची सावलीही दिसते. ऑक्टोबरात चार मासे काढलेला माणूस डिसेंबरात त्याच जागी, त्याच सामानानिशी, भर दुपारी बसतो आणि हात हलवत परत येतो. मग गावात येऊन सांगतो, थंडीत मासा खोल जातो.

म्हणून हिवाळ्यात तीन गोष्टी जुळवाव्या लागतात: उजेड कमी असलेली वेळ, हलतं पाणी, आणि वाऱ्याची योग्य बाजू. यातलं वाऱ्याचं गणित आपल्या लोकांना सगळ्यात कमी माहीत असतं, म्हणून ते आधी सांगतो.

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र तसा होत नाही. त्यामुळे रात्री उशिरापासून जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटतो. यालाच मतलई म्हणतात. सूर्य चढून जमीन तापली की साधारण नऊ-दहाच्या सुमारास तो पडतो, तासभर हवा स्तब्ध असते, आणि दुपारपासून उलटा, समुद्राकडून वायव्येचा वारा सुरू होतो. तीन ते पाच या वेळात त्याचा जोर सगळ्यात जास्त, सूर्य बुडाला की पुन्हा कमी. कोल्हापुरात पहाटे कुडकुडायला लावणारी थंडी असेल तर खाली किनाऱ्यावरही मतलईचा जोर असणार, हे घरबसल्या कळतं. मतलई पाठीवर असला की पहाटे लाट दबलेली असते, गळ लांब जातो, दोर ताठ राहतो. काठावरून गरवणाऱ्याला, म्हणजे गळानं मासे धरणाऱ्याला, याहून चांगली वेळ नाही. पण हाच वारा फुगवायच्या होड्या आणि कयाक घेऊन जाणाऱ्यांचा घात करतो. पाणी सपाट दिसतं म्हणून माणूस आत जातो आणि परत येताना वारा तोंडावर असतो. तुमच्यापैकी कुणी असली होडी गाडीत टाकणार असेल तर ती घरीच ठेवा.

दुसरी गोष्ट वायव्येच्या लाटेची. नोव्हेंबर ते मार्च या काळात इराणच्या आखाताकडे शमाल नावाचे वारे वाहतात, आणि त्यांनी उठवलेली लाट अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. आपल्याकडे वाऱ्याची झुळूक नसतानाही खडकावर लाट का फुटते आहे, असा प्रश्न पडतो तो या दिवसांत. शिवाय उत्तर भारतात थंडीची लाट आली की कोकणपट्टीवर उत्तरेकडचा वारा दोन-तीन दिवस जोर धरतो आणि लहान नौका बंदरातच राहतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांच्या उंचीचा आणि वाऱ्याचा अंदाज रोज फुकट देते. निघायच्या आदल्या दिवशी तो बघा. आणि तिथं पोचल्यावर बंदरात होड्या रांगेनं बांधलेल्या दिसल्या, मच्छीमार जाळी शिवत बसलेले दिसले, तर मोबाइलवर काहीही दिसो, खडकावर जायचं नाही. डिसेंबर म्हणजे समुद्र शांत, हेही गृहीत धरू नका. २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळात केरळ-तामिळनाडूकडच्या कितीतरी नौका देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या.

हे वायव्येचं प्रकरण कळलं की जागा निवडणं सोपं होतं. रत्नागिरीचंच उदाहरण घ्या. शहराच्या उत्तरेला काळबादेवी, आरे-वारे हे किनारे वायव्येला उघडे आहेत. दुपारी तिथं लाट फुटत असते, वाळू उडते, दोर पोटासारखा फुगतो. त्याच वेळी रत्नदुर्गाचा डोंगर आडोसा देतो म्हणून त्याच्या दक्षिणेला मांडवी-भाट्ये या बाजूला पाणी बरंच शांत असतं. गाडीनं थोडंच अंतर, पण हवा वेगळी. सकाळी मतलई असताना कुठलाही किनारा चालतो, दुपारनंतर मात्र डोंगराच्या आडची, दक्षिणेकडं तोंड असलेली बाजू शोधायची. मालवणलाही हाच हिशेब. चिवल्याच्या बाजूला दुपारी वारा लागतो, खाडीच्या आत वळलात की कमी होतो.

आता पाण्याची चाल. गोड्या पाण्यातून आलेल्या माणसाला भरती-ओहोटीचं वेळापत्रक कटकटीचं वाटतं. पंचगंगेला पाणी एकाच दिशेला जातं, तिथं हा विचारच करावा लागत नाही. खाडीवर सहा तास पाणी आत, सहा तास बाहेर, आणि रोज ही वेळ पाऊण तासानं पुढं सरकते. मोबाइल नसताना लोक तिथीवरून काढायचे, आणि तो हिशेब आजही कामाचा आहे: पंधरवड्यातली जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. दुपारची आणि रात्रीची, दोन्ही साधारण तीच. हा हिशेब मुंबईचा, रत्नागिरी-मालवणला भरती त्याच्या थोडी आधी येते. पक्की वेळ हवी तर भरतीचं कोष्टक आहेच. पण कॅलेंडर बघून सुट्टीचा अर्ज टाकायचा असेल तेव्हा तिथी पुरते.

पाणी हलायला हवं म्हणजे उधाण हवं, असं वाटून बरेच जण नेमके अमावास्या-पौर्णिमेला जातात. उधाणाच्या दिवशी पूर्ण भरती अकरा-बाराच्या दरम्यान आणि ओहोटीचा तळ पहाटे पाच-सहाला. म्हणजे तुम्ही अंधारात पोचता तेव्हा खाडी रिकामी झालेली असते, आणि पाणी भरून येतं तेव्हा ऊन डोक्यावर. निवळ पाण्यात हे वेळापत्रक वाईट. उलट अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी, वर-खाली फारसं होतच नाही, खाडी तळ्यासारखी पडून असते.

माझी पसंती चतुर्थी ते षष्ठीला. उधाणाचा जोर तेव्हा अजून सरलेला नसतो, कारण तो अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतो. मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास खाडी भरते आणि तुम्ही पहाटे पाचला जागेवर जाता तेव्हा ओहोटी जोरात सुरू असते. आठ-नऊपर्यंत ती चालते, म्हणजे झुंजुमुंजूपासून ऊन चढेपर्यंतची सगळी वेळ पाणी बाहेर वाहत असतं आणि वर मतलईही पाठीवर. संध्याकाळीही सूर्य बुडताना पुन्हा ओहोटीच. आणखी एक फायदा असा की हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. ते पाणी खारफुटीच्या मुळांत वर चढतं आणि पहाटे उतरताना कोळंबी, बोयांची पिल्लं, खेकड्यांची पोरं घेऊन खाली येतं. ती खायला मोठा मासा खाडीच्या तोंडाशी उभा असतो. कृष्ण पक्षात गेलात तर या दिवसांत संकष्टी येते आणि डिसेंबरात बऱ्याचदा मार्गशीर्षही चालू असतो, तेव्हा घरी मासा नेल्यावर तो कधी शिजणार हे आधी विचारून घ्या.

कुठं उभं राहायचं? ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडावर नीट बघितलंत तर पाण्यावर एक रेघ दिसते. एका बाजूला खाडीचं किंचित हिरवट, मंद पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्राचं स्वच्छ. त्या रेघेवर फेस, पानं, काड्या जमून चाललेल्या असतात. मासा त्या रेघेच्या कडेला, मंद पाण्याच्या बाजूला दबा धरून असतो. गळ रेघेवर फेकायचा नाही, तिच्या वरच्या अंगाला फेकायचा आणि ओढीनं खाली येऊ द्यायचा. पाणी निवळ असलं तरी या एवढ्या पट्ट्यात ते जरा अंधूक असतं, आणि तुमच्या दोराला लपायला तेवढंच पुरतं. भाट्याच्या खाडीला, मालवणजवळ कोळंबला, सर्जेकोट-तळाशीलच्या मध्ये गड नदीच्या तोंडाशी, सगळीकडं ही रेघ सापडते. देवबागच्या संगमावरही सापडते, पण तिथं कर्लीच्या पाण्याला ओढ फार आहे. नवख्यानं कमरेपर्यंत पाण्यात उतरायची ती जागा नव्हे.

मालवण की रत्नागिरी? मालवणचं नाव मोठं, पण पहिल्या खेपेला मी रत्नागिरी सांगेन. खाडीचं तोंड, आडोशाचा किनारा आणि खडक, तिन्ही जवळजवळ आहेत, आणि मलकापूर-आंबा-साखरपा असा रस्ताही सरळ. मालवणला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी नऊपासून पाण्यात स्कूटर, पॅराशूट, केळ्याची होडी सुरू होते, मग काठावर मासा थांबत नाही. शिवाय मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीच्या गाभा क्षेत्रात मासेमारीला बंदी आहे. किल्ल्याच्या खडकावर गळ टाकलेले फोटो बघून कुणी तिथं जाऊ नये. जायचंच असेल तर जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली चतुर्थी-पंचमी बघा, गर्दी ओसरलेली असते. फेब्रुवारीत आंगणेवाडीची जत्रा कधी ठरते त्यावर लक्ष ठेवा, त्या दिवसांत मालवण परिसरात खोली मिळत नाही.

सामानाबद्दल. तुमचा कार्पचा रॉड चालेल, नवा घेऊ नका. आठ-दहा फुटी, मध्यम ताकदीचा असला की झालं. रीळ मात्र गोड्या पाण्याचं स्वस्तातलं असेल तर मिठानं दोन दिवसांत कुरकुरायला लागेल. रोज रात्री गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, आत दाबानं पाणी मारू नका. मुख्य दोर २० पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणीचा. त्याच्या पुढं दोन हात लांब लीडर, म्हणजे गळाजवळचा टोकाचा दोर, पाण्यात कमी दिसणाऱ्या फ्लुरोकार्बनचा, ०.४० मिलिमीटरचा. दुकानदार जिताडा या मोठ्या माशाचं नाव ऐकून ०.७० देईल, पण हिवाळ्यातल्या निवळ पाण्यात ०.७० वर दिवसभर काही लागत नाही आणि शेजारी ०.४० वाला मासे काढत असतो, हे मी कितीदा तरी बघितलंय. बारीक लीडरवर मोठी तांबोशी लागली तर दगडात घासून तोडेल. तोडू दे. लागणं महत्त्वाचं.

शिसं भोकाचं, दोरावर मोकळं सरकणारं, ओढीप्रमाणे २० ते ४० ग्रॅम. खाली स्विव्हल (दोराला पीळ पडू न देणारी फिरती कडी), मग लीडर, आणि टोकाला सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ. सर्कल हुकला आपली गोड्या पाण्यातली सवय आडवी येते. मासा चावला की आपण झटका मारतो, हात आपोआप वर जातो. या हुकला झटका मारलात तर तो माशाच्या तोंडातून तसाच बाहेर येतो. चावा आला, रॉड वाकायला लागला, की फक्त रीळ फिरवायला सुरुवात करायची. हुक स्वतः वळून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

आमिष म्हणून जिवंत कोळंबीला तोड नाही. मेलेली बर्फातली कोळंबी केंड, म्हणजे पोट फुगवणारा मासा, आणि खेकडे दोन मिनिटांत संपवतात. सकाळी खाडीत पाग (हातानं फेकायचं जाळं) टाकणारे लोक असतात, त्यांच्याकडं मूठभर कोळंबी मागा आणि योग्य पैसे द्या. घासाघीस करू नका, त्यांच्या भाकरीचा वेळ आहे तो. कोळंबी बादलीत खाडीच्याच पाण्यात ठेवायची, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप सोडायचा, ऊन लागू द्यायचं नाही, आणि दर अर्ध्या तासानं निम्मं पाणी बदलायचं. पिण्याच्या पाण्याची बाटली त्यात ओतली की सगळी कोळंबी गेली म्हणून समजा.

गळात ओवताना ती चिमटीत पाठीकडून धरा. डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, त्याच्या मागं कवचाच्या आत एक काळसर ठिपका दिसतो. कोळंबी उजेडाकडं धरली की तो नीट कळतो. गळाचं टोक काट्याच्या बुडाशी, त्या ठिपक्याच्या पुढून आडवं काढायचं. ठिपक्याला टोचलंत तर ती तिथंच मरते. बरोबर ओवलेली कोळंबी पाण्यात पाय मारत राहते, मधूनच शेपटीनं मागं उडी घेते, आणि ती उडी रॉडच्या टोकावर बारीक टकटक अशी हाताला लागते. ती टकटक एकदम वाढली, सैरावैरा व्हायला लागली, की जवळ कुणीतरी आलंय. तेव्हा रॉडला हात लावायचा नाही. पुढचा ठोका स्वतः येतो.

काय लागेल? खाडीच्या तोंडाशी आणि खडकाच्या कडेला तांबोशी, हेकरू. दोन्ही लागले की पहिल्या दोन-तीन सेकंदांत दगडात घुसतात, तेवढा वेळ रीळ आवळून धरायचं. जिताडा, मालवणी माणूस ज्याला चोणक म्हणतो तो, सगळ्यांना हवा असतो. पण हिवाळ्यात त्याच्या मागं दोन दिवस घालवू नका. समुद्र कोमट असला तरी खाडीच्या आतलं उथळ पाणी रात्री बऱ्यापैकी गार होतं आणि जिताडा त्या गारव्यात सुस्तावतो. त्याला गाठायचंच असेल तर बाकी सगळ्यांच्या उलट वेळ धरा: दुपारची, ऊन खाऊन पाणी तापल्यावरची.

पहिल्या खेपेला खरी मजा मुडदुशीची. वितीएवढा, पारदर्शक वाटावा असा रुपेरी मासा, वाळूच्या किनाऱ्याला लाट फुटते त्याच्या अलीकडच्या खळग्यात फिरतो. बारीक गळ, सहा-आठ नंबरचा, त्यावर कोळंबीचा नखाएवढा तुकडा, हलकं शिसं. फार लांब फेकायची गरजच नाही, बहुतेक लोक त्याच्या डोक्यावरून पलीकडं फेकतात. चावा नाजूक असतो आणि तो ओळखायला गोड्या पाण्यावर तयार झालेला हात उपयोगी पडतो. तव्यावर रव्यात तळलेली मुडदुशी खाल्ल्यावर मोठ्या माशाचा हट्ट कमी होतो, असा अनुभव आहे. तसाच बोय. बंदराच्या आत, धक्क्याच्या कडेला बोयांचे थवे फिरतात आणि ते कणकेवर, पावाच्या तुकड्यावर लागतात. तिथं तुमचं चिलापीचं सामान, तरंगता बूच आणि बारीक गळ, जसंच्या तसं चालेल. कोकणातली पोरं बघत राहतील. बांगडा आला असेल तर पिसांच्या बारीक गळांची माळ धक्क्यावरून खाली सोडून वर-खाली करायची, त्यात शिकण्यासारखं काही नाही.

रात्री बसणार असाल तर एक गोष्ट तपासा. या दिवसांत कधी कधी लाट फुटताना निळसर-हिरवा उजेड दिसतो. नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव पाण्यात वाढलेला असतो, पाणी हललं की तो चमकतो. पर्यटक त्यासाठी रात्रभर जागतात. गरवणाऱ्याची मात्र पंचाईत होते, कारण ओढीत थरथरणाऱ्या दोराभोवतीही उजेडाची रेघ उठते आणि मासा लांब राहतो. अशा रात्री दिवे असलेल्या धक्क्यावर जायचं, तिथं दिव्याच्या उजेडात ही चमक मरते आणि म्हाकूलही (स्क्विड) दिव्याखाली येतं. धक्का मच्छीमारांचा आहे, बर्फ-पेट्या चढवण्याची जागा सोडून, विचारून बसा.

आता जिवाचं. खडकावर उतरण्याआधी वर उभं राहून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघायचं. वायव्येच्या लाटा टोळीनं येतात. दहा मिनिटं काही नाही आणि मग लागोपाठ चार-पाच मोठ्या. कातळ जिथपर्यंत ओला आहे तिथपर्यंत लाट येऊन गेलेली आहे, त्याच्या वरच उभं राहायचं. हिवाळ्यात खडपांवर हिरवं शेवाळ ताजं उगवलेलं असतं आणि त्यावर आपल्या चपला टिकत नाहीत. बुटांना खिळे किंवा नमद्याचा तळ हवा, नाहीतर वाळूवर राहा. समुद्राकडं पाठ करून गळ बांधत बसायचं नाही. संध्याकाळी ओहोटीत चालत खडपाच्या टोकाला गेलात तर परतीची वाट भरतीनं कधी बंद होईल ते आधी काढून ठेवा, अंधारात ते कळत नाही. आपल्या भागातली पोरं पोहण्यात तरबेज असतात, रंकाळ्यात नाहीतर नदीत शिकलेली. खाडीच्या ओढीत त्या पोहण्याचा उपयोग होत नाही. एकानं तरी लाइफ जॅकेट घातलेलं असावं, असं मी म्हणणार नाही; सगळ्यांनी घालावं.

वाळूत पाण्यात उभं राहायचं तर पाय उचलून टाकू नका, घासत घासत चला. पाकट वाळूत पुरून पडलेली असते, पायाचा धक्का लागला तर निघून जाते, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. शिंगाळा या मिशाळ माशाचे काटेही तसेच, गळातून काढताना फडक्यानं धरा. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसेल इतक्या कढत पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची, ठणका कमी होतो, आणि तिथून डॉक्टर. काटा खोल घुसला असेल तर तो स्वतः उपसू नका, तसेच दवाखान्यात जा. थर्मासमध्ये चहाऐवजी कढत पाणी न्यावं ते यासाठी. केंड या दिवसांत त्रास देतो. लीडर कात्रीनं कापल्यासारखा तोडतो. लागला तर पक्कडीनं गळ काढून सोडून द्या. तो विषारी आहे, कुणी कितीही साफ करून देतो म्हणालं तरी खायचा नाही. आणि वाळूच्या किनाऱ्यावर रात्री कासव वर येताना दिसलं तर टॉर्च बंद करून बाजूला व्हायचं. नोव्हेंबर ते मार्च त्यांच्या अंड्यांचा काळ आहे.

रस्त्याबद्दल एवढंच की पहाटे पाचला जागेवर असायचं म्हणून रात्री एकला कोल्हापूर सोडायचं, हा बेत नको. हिवाळ्यात आंब्याला, गगनबावड्याला मध्यरात्रीनंतर दाट धुकं उतरतं, आणि राधानगरी-दाजीपूरकडून फोंडा उतरणार असाल तर गवे रस्त्यावर उभे असतात, काळ्या डांबरावर काळा गवा दिव्यात येईपर्यंत दिसत नाही. आदल्या दिवशी दुपारी निघा, संध्याकाळची ओहोटी जागा बघण्यात घालवा, गळ टाकला नाहीत तरी चालेल. रेघ कुठून जाते, दगड कुठं आहेत, हे उजेडी बघितलेलं असलं की पहाटे अंधारात गोंधळ होत नाही.

परत आणताना मासा जागेवरच साफ करायचा. कल्ले आणि आतडी काढून, समुद्राच्या पाण्यानं धुऊन, मग बर्फात. जेवढा मासा तेवढ्याच वजनाचा बर्फ, तोही फोडलेला, एक थर बर्फ एक थर मासा असा. बंदरावरच्या बर्फवाल्याकडं तो मिळतो. थर्माकोलच्या पेटीला खाली एक भोक ठेवा, वितळलेलं पाणी निघून जायला हवं, त्या पाण्यात बुडून राहिलेली मुडदुशी कोल्हापूरला पोचेपर्यंत पिठूळ होते. भोकाखाली ताट ठेवायला विसरू नका, नाहीतर गाडीच्या डिकीला तो वास पाडव्यापर्यंत राहील.